वडिलांना ‘काबाडकष्टी’ म्हणू नका

दफनविधीच्या मिस्सानंतर कुटुंबाच्या वतीने कृतज्ञतेचे जे चार शब्द बोलले जातात, त्यांना आपल्या वसईच्या धर्मग्रामांत आता एक ठराविक साचा आला आहे. ‘बाबांनी आयुष्यभर काबाडकष्ट केले, चिखलमातीत देह झिजविला, म्हणून आज आम्ही शिकून चांगल्या नोकरीला लागलो.’ ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. बोलणाऱ्याच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. परंतु हे वाक्य अर्धसत्य आहे, आणि या अर्धसत्याने आपल्या वाड्यांचे मोठे नुकसान केले आहे.

कष्ट होते, हे कोण नाकारील? रहाटाला बैल वा रेडा जुंपून केळींना पाणी लावायचे, मुनवे काढायचे, खत-पेंड घालायची, पानवेलीपाशी वाकून वाकून कंबर मोडायची आणि पहाटेच्या अंधारात फुलांच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन वसई रोड स्थानक गाठायचे. दादरच्या बाजारातला भाव तर व्यापाऱ्याच्या जिभेवर. त्या जिण्यात कर्ज होते, अपमान होता. त्याचे गोडवे गाणारी मी नव्हे.

पण कष्ट आणि शिक्षा या दोन गोष्टी एक नाहीत. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. वैशाखात विहिरीचे पाणी जिभेवर घेऊन आणखी किती दिवस उपसा करावा, हे ते सांगत. आमच्या समुद्रकाठच्या भूमीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून असते. गोडे अधिक उपसले, की खारे वर चढते. ही गोष्ट त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकविली नव्हती. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढू लागले, की हाका मारून ते आम्हा मुलांना ओढ्यावर नेत आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून आमच्याहून मोठ्याने हसत. रविवारी मिस्साहून परतल्यावर अंगातला ठेवणीतला सदरा न उतरविताच ते वाडीत एक फेरी मारीत. त्या दिवशी काम वर्ज्य होते. ती फेरी कामासाठी नव्हतीच. जेवताना ताटातली तोंडली कोणत्या मांडवाची, हे ते आईला आवर्जून सांगत. अशा माणसाला केवळ आमच्यासाठी झिजलेला ठरविणे म्हणजे त्याचे सुख त्याच्यापासून, तेही तो गेल्यावर, हिरावून घेणे होय.

शब्दाच्या पाठोपाठ व्यवहार येतो. वाडी ही वडिलांची शिक्षा होती असे एकदा मानले, की तिची विक्री ही सुटका ठरते. मग दलालासमोर बसताना मन खात नाही. उलट ‘बाबांच्या कष्टांचे चीज झाले’ असे म्हणता येते. १९८८ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. १९९० साली सिडकोकडे वसई-विरारचे नियोजन सोपविले गेले. त्या काळात मोर्च्यांत चाललेली माणसे काबाडकष्टांपासून सुटका मागत नव्हती. आपली विहीर, आपली केळ, आपले बावखल राखायला ती निघाली होती. त्यांच्यातील कित्येक आज दफनभूमीत विसावले आहेत. त्यांच्या कबरींवर संगमरवर चढला आहे, आणि त्यांच्या बावखलांत भरणी पडते आहे.

बावखल हा शब्द आपल्या नातवंडांना समजावून सांगावा लागेल, अशी वेळ आली आहे. पावसाचे पाणी साठविणारा, वाडीला पाणी पुरविणारा आणि भूगर्भातील गोड्या पाण्याला आधार देणारा हा खोदीव तलाव आपल्या पूर्वजांनी हातांनी निर्माण केला. अतिवृष्टीत तो पाणी पोटात घेतो. ते पोटच आपण बुजविले. २०१८ च्या जुलैत वसई दिवसच्या दिवस पाण्यात उभी राहिली, तेव्हा आपण सरकारला दूषणे दिली. ती द्यावीतच, पण घरामागच्या भरणीचा हिशोब कोण देणार?

यावर उत्तर तयार असते. शेती परवडत नाही, मजूर मिळत नाही, भावंडांचे हिस्से पडतात, मुलांना घर हवे. ही सर्व कारणे खरी आहेत, आणि गरजेपोटी तुकडा विकणाऱ्यावर दगड उचलण्याचा अधिकार मला नाही. माझा आक्षेप दुसराच आहे. गरजेची विक्री गरजेच्या नावाने करावी. ती वडिलांच्या नावाने करू नये. ‘बाबांची इच्छा’ म्हणून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे. १९२५ चा भारतीय वारसा कायदा ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांना समान वाटा देतो. बाबांच्या वाडीत मुलीही तितकीच पावले चालल्या होत्या.

आपल्या धर्मग्रंथात नाबोथाची कथा आहे. आहाब राजाने त्याचा द्राक्षमळा मागितला. बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देऊ केले. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे म्हणून नाबोथाने नकार दिला आणि प्राण गमावले. आहाबाला तेथे निदान भाजीचा मळा करायचा होता! आणि प्रभू येशूने आपल्या स्वर्गीय पित्याविषयी बोलताना वेलीची निगा राखणाऱ्या माळ्याची उपमा दिली. ज्या कामाची उपमा देवपित्याला शोभली, त्या कामाची आपल्या वडिलांच्या बाबतीत आपण कीव का करावी? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात उत्पत्तीच्या कथेचा आधार घेऊन भूमी कसणे आणि राखणे ही दोन कर्तव्ये जोडीने सांगितली. आपल्या वडिलांनी ती एका श्वासात पार पाडली होती.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. यापुढे वडिलांच्या स्मरणार्थ बोलताना ते किती राबले एवढेच सांगू नका; त्यांना काय ठाऊक होते आणि कशात आनंद होता, तेही सांगा. विहिरीची खूण, वाऱ्याची चाहूल, राजेळीची सुकेळी कशी होते, हे ज्यांना आठवते त्यांनी ते लिहून ठेवावे. आणि ज्यांच्या अंगणामागे अजून बावखल आहे, त्यांनी येत्या दोन नोव्हेंबरला कबरीवर एक मेणबत्ती कमी लावली तरी चालेल. त्या बावखलाचा गाळ मात्र पावसाआधी काढावा. वडिलांनी दरवर्षी तो काढला होता, आणि तो काढताना ते गात असत.