घर आणि घराचा कागद

‘हे घर कोणाचे?’ असा प्रश्न आपल्या एटापल्लीच्या मुलुखात पूर्वी सहसा कोणी विचारीत नसे. रानातील बांबू, जवळची माती आणि शेजाऱ्यांचे हात यांनी घर उभे राही. ज्याने बांधले त्याचे ते, आणि सारा गाव त्यास साक्षी.

तथापि ही साक्ष सरकारदरबारी पुरली नाही. येथील राने जमीनदारांकडे होती. 1951 साली जमीनदाऱ्या संपल्या व राने सरकारची झाली. पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा मनुष्य 1927 च्या वनकायद्यापुढे अतिक्रमण करणारा ठरला. हा अन्याय होता, अशी कबुली 2006 च्या वनहक्क कायद्याने दिली. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर राहण्याचा व ती कसण्याचा हक्क, 4 हेक्टरांच्या मर्यादेत, त्याने आदिवासी कुटुंबास दिला. हा हक्क वारसांस मिळतो, पण विकता येत नाही. आणि तो पती व पत्नी या दोघांच्या नावे नोंदवावा लागतो.

इकडे एटापल्ली गाव वाढले. कचेऱ्या व शाळा आल्या, त्यांमागून नोकरदार आले, आणि मुलांच्या शिक्षणासाठी दूरच्या खेड्यांतील पालकही येथे खोली भाड्याने घेऊ लागले. सिमेंटच्या घरास शेजाऱ्यांचे हात पुरत नाहीत, रोकड लागते. 2023 साली निघालेल्या जनमन योजनेत माडिया कुटुंबास पक्क्या घरासाठी 2 लाख रुपयांचे साहाय्य ठेविले आहे. पण तेही कागदपत्रांवाचून हाती येत नाही.

भाड्याने राहण्यात कमीपणा आहे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु केवळ तोंडी बोलीवर राहणाऱ्याचे बिऱ्हाड मालकाची मर्जी फिरताच रस्त्यावर येते. म्हणून करार लेखी असावा व दरमहा पावती घ्यावी.

कोणी म्हणतील, कागदावाचूनची जुनी रीतच बरी होती. ती मायेची होती खरी. पण माया घर बांधते, ते राखण्यास आज अक्षर लागते, असे आमचे मत आहे.

विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत घरी गेलात म्हणजे पेटीतील कागद काढून आईबापांस मोठ्याने वाचून दाखवा. वनहक्काचा दावा राहिला असेल, किंवा दाखल्यावर आईचे नाव नसेल, तर ग्रामसभेत विचारा. आणि पालकहो, न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नका. शाळेत शिकलेली अक्षरे घराच्या कामी आली, तर त्याहून मोठी गुरुदक्षिणा आम्हांस नको.