लावलेला पाला डॉक्टरांपासून लपवू नका
अमरावती-अकोलेकरांना जाहीर आवाहन



सोयाबीनची सोंगणी आली की धसकटे पायात घुसतात, भेगा चिघळतात आणि घरोघरी बिब्बा निघतो. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, टपकणारे तेल भेगेत सोडायचे. हाच बिब्बा ओल्या जखमेवर लावला की उततो. फोड येतात, कातडी सोलते आणि जंतूंना वाट मोकळी होते. मग कुणीतरी मेडिकलमधून "पावरच्या चार गोळ्या", म्हणजे प्रतिजैविके, आणतो, दोन घेतो, बरे वाटले की उरलेल्या डब्यात टाकतो. दुबळे जंतू मेलेले असतात. चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. अशा औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

यावर उपाय म्हणून आता झाडपाल्याचे निरोप मोबाइलवर फिरतात: अमुक पानाच्या अर्काने हट्टी जंतू मेले, गोळ्या बंद करा. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. असे प्रयोग आमचे विद्यार्थी दरवर्षी करतात. काचेच्या बशीत जंतू पसरायचे, मधल्या भोकात अर्क घालायचा, रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी भोकाभोवती स्वच्छ कडे दिसले की पट्टीने मोजायचे. ते कडे खरे असते, पण पुष्कळदा अर्क काढायला वापरलेल्या अल्कोहोलचाही त्यात हात असतो, म्हणून नुसत्या अल्कोहोलचे एक भोक शेजारी ठेवावेच लागते. शिवाय बशीत ओतलेला तेवढा कडक अर्क रक्तात उतरवायचा, तर जंतूंच्या आधी यकृत आणि मूत्रपिंडे कामातून जाऊ शकतात.

म्हणून वनस्पती कुचकामाच्या आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले. त्याआधीची कित्येक दशके कुष्ठरोगावरचे मुख्य औषध कडूकवठाच्या बियांचे तेल होते. सुईने टोचलेले ते तेल फार दुखे आणि गुणाची खात्री नसे. 1940 च्या दशकात डॅप्सोनची गोळी आली आणि तेल मागे पडले. पण एकट्या डॅप्सोनवर विसंबल्याने कुष्ठजंतूही निर्ढावले. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला दोन-तीन औषधे एकत्र द्यायला सांगावे लागले. पुढची गंमत अशी की त्याच तेलात पूर्वी सापडलेला एक घटक 2000 साली दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत मिळाला. तो स्वतः जंतू मारत नाही. जंतू ज्या पंपाने औषध बाहेर फेकतो, तो पंप हा घटक अडवतो. मला खरी आशा इथे दिसते: झाडाने औषधाला हात द्यायचा, औषधाची जागा घ्यायची नाही. मात्र हे अजून प्रयोगशाळेतच आहे, दवाखान्यात आलेले नाही.

तोवर इतके करा. पाकिटावर लाल उभी रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका आणि मेडिकलवाल्या भावांनो, तुम्हीही देऊ नका. डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घ्या, कमी नाही, जास्त नाही. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला, बकरीला, कोंबड्यांना घालू नका.

कॉलेजच्या मुलामुलींनो, प्रयोगासाठी मेळघाटातली मुळे उपटू नका. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले नागार्जुन वनौषधी उद्यान कशासाठी आहे? ज्या अर्काने कडे पडले नाही, त्याचीही नोंद छापा. भुमकाबाबांकडून (पारंपरिक वैदूंकडून) झाड विचारून घेतलेत, तर ती माहिती आधी गावाच्या जैवविविधता नोंदवहीत, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावाने लिहा. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावाला ही नोंद ठेवण्याचा हक्क दिला आहे. शोधनिबंधात आपले नाव झळकते आणि बाबांचे गायब, हे बंद व्हायला हवे.

आणि जखमेची लाली वर चढू लागली, ताप भरला, मधुमेह असून पू झाला, तर लेप बदलत बसू नका. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार, मेळघाटात धारणीचे उपजिल्हा रुग्णालय. त्याच दिवशी गाठा. जो पाला लावला असेल किंवा ज्याचा काढा प्यायला असाल, तो कागदात बांधून सोबत न्या आणि विचारण्याआधीच डॉक्टरांपुढे ठेवा.

— सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक, अमरावती