देवळाचे दार आणि पडद्यावरचा देव

आमच्या नाशिक जिल्ह्यास दोन गोष्टींचा अभिमान आहे. एक, चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे आमच्या त्र्यंबकेश्वरचे. दुसरी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह आमच्या गोदाकाठी झाला. या दोन गोष्टी शाळेत दोन निरनिराळ्या धड्यांत शिकविल्या जातात. त्या एकाच धड्यात शिकविल्या पाहिजेत, असे आम्हां मास्तर लोकांचे म्हणणे आहे.

देव गाभाऱ्यातून बाहेर आला तो एका दिवसात नव्हे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली 'शांबरिक खरोलिका' काढली. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडावयाची आणि रामायणातील कथा सांगावयाची, असा तो खेळ होता. दोनच वर्षांनी राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना घातला आणि लक्ष्मी-सरस्वती कागदावर बसून गरिबाच्या भिंतीवर आल्या. त्याच छापखान्यात काम केलेल्या फाळक्यांनी 1911 च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे का दिसू नयेत, हा ध्यास घेतला. 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. मग फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशकास हलविला.

त्यांचा 'सत्यवान सावित्री' 1914 सालचा. त्याच वर्षी अमेरिकेत रसेल नावाच्या धर्मोपदेशकाच्या मंडळीने बायबलाची कथा हलती चित्रे, रंगीत काचा व ध्वनिमुद्रित तबकड्या यांच्या मेळाने दाखविली. चार भागांचा तो आठ तासांचा खेळ लोकांस फुकट दाखविला जाई. म्हणजे धर्म यंत्रावर चढविण्याची खटपट साऱ्या जगात चालली होती. इकडे तिकीट होते. पण तिकिटावर जात छापलेली नव्हती.

पैशाप्रमाणे खुर्ची, बाक नि जमीन हा भेद तेथेही होता, आणि विटाळाची खोड सिनेमाच्या दारात आपोआप गळून पडली असे आम्ही म्हणणार नाही. पण देव नि भक्त यांच्यामध्ये सोवळे नेसलेला कोणी उभा नव्हता, ही गोष्ट लहान नाही. 1917 साली 'लंकादहन' लागला तेव्हा राम पडद्यावर येताच लोक पायांतले जोडे काढीत, असे सांगतात. तो राम कोण होता? खाणावळीत आचाऱ्याचे काम केलेला अण्णा साळुंके! सीताही तोच. पडद्यावर यावयास स्त्रिया तयार होईनात, म्हणून 'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीही तोच झाला होता. आणि फितीला भोके पाडणे, ती रात्री धुणे, वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी केली. फाळक्यांचे मोठेपण आम्ही मनापासून मानतो; पण त्या मोठेपणाखाली कोणाकोणाचे खांदे होते, हेही मुलांस कळले पाहिजे.

आता दुसरी गोष्ट पाहा. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळारामाच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालविला, पण दार उघडले नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो 1947 साली. सत्याग्रह चालू असतानाच, 1932 साली, फाळक्यांचा 'सेतुबंधन' आला. वानरांनी दगड वाहावे आणि रामाने त्यांस जवळ करावे, ही कथा पडद्यावर, आणि माणसांस दाराशी मज्जाव, हा प्रकार पंचवटीत! पडद्यावरच्या रामापुढे हात जोडणाऱ्यांपैकी कितीजणांस ही विसंगती बोचली असेल?

कोणी म्हणेल, मग सिनेमाने सुधारणा केली म्हणा की! आमचे उत्तर असे, की यंत्राने पहारेकरी हटविला, पण पोथी तशीच ठेविली. हरिश्चंद्राचीच कथा घ्या. राजा काशीच्या स्मशानात डोंबाचा चाकर झाला म्हणून प्रेक्षक ढसढसा रडतो. पण राजा तेथे थोडे दिवस राहिला. डोंबाच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच राखेत गेल्या. त्याच्यासाठी डोळ्यांतून टिपूस का निघू नये? 1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने या कथेस वाणी दिली. आवाज आला, प्रश्न मात्र आला नाही.

यंत्राकडून याहून अधिक काम घेता येते, हेही प्रभातनेच दाखविले. 1935 सालच्या 'धर्मात्म्या'त एकनाथांच्या मिषाने अस्पृश्यतेवर बोट ठेविले. त्याचे मूळ नाव 'महात्मा'. पण परीक्षण मंडळाने हरकत घेतली म्हणून ते बदलावे लागले. पुढच्याच वर्षी 'संत तुकारामा'त दामले-फत्तेलाल यांनी धर्माचा मक्ता सांगणाऱ्या सालोमालोसमोर एक कुणबी उभा केला. तो चित्रपट 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. पडदा तोच, देवही तोच. फरक पडला तो कथा कोणाच्या बाजूने सांगितली यामुळे.

आज काचपट्टी, फीत नि तबकडी ही तिन्ही प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये एकवटली आहेत. देव बोलतो, गातो, मागू तेव्हा दर्शन देतो. म्हणून आता विचारण्याची सवय अधिक हवी. नाशिकच्या शिक्षकबंधूंस आमची विनंती आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकावर मुलांची सहल न्याल, तेव्हा त्याच दिवशी काळारामाचे दारही दाखवा. तेथे अण्णा साळुंके यांचे नाव सांगा. आणि परत आल्यावर वर्गात एवढेच विचारा: हरिश्चंद्रासाठी सारे रडले, डोंबासाठी कोण रडले?