देवाला म्हणे जुनी पेटी चालत नाही!

मंडळी, आमच्या नायगावकडे हल्ली एक नवीनच टूम निघाली आहे. सप्ताह जवळ आला की भजनी मंडळाची वर्गणी निघते आणि पहिली मागणी असते नव्या पेटीची. चकचकीत पॉलिश, स्केलचेंजर, वर मखमली कव्हर. जुनी पेटी जाते मंदिराच्या माळ्यावर आणि तिथून एक दिवस भंगारात. मला हे अजिबात पटत नाही. काका वाचून रागावतील, पण आज लिहूनच टाकतो.

पेटी म्हणजे लाकडाचा खोका नव्हे हो, पेटी म्हणजे आतले सूर. त्या पितळी जिभा. १८७५ च्या सुमारास कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी घडवली. पूर्वी नावाजलेल्या पेट्यांत जर्मन नाहीतर पॅरिसचे सूर असायचे. पुढे गुजरातेत पालिताण्याला सूर बनू लागले आणि तेही चांगले बनतात. पण नव्या पेटीत नेमके कुठले सूर बसवलेत हे गिऱ्हाइकाला उघडून दाखवतो कोण? एका दुकानात मी झाकण काढा म्हटलं, तर मालक म्हणाला, "वॉरंटी जाईल." घ्या! माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना हीच आपली माणसं दात बघतात, चालवून बघतात, चार जणांना विचारतात. आणि इथे नुसतं पॉलिश बघून शेतकऱ्यांची, शेतमजूर बायांची वर्गणी मोजून देतात.

जुन्या पेटीत झिजतं काय? भात्याचं चामडं, पट्ट्यांखालची बनात, स्प्रिंगा. हे सगळं बदलता येतं. लाकूड मात्र आपल्याकडचे कित्येक मे महिने सोसून बसलेलं असतं, त्याला जे काही वाकायचं-फाकायचं ते होऊन गेलेलं असतं. नवी पेटी कच्च्या लाकडाची निघाली तर पहिल्याच उन्हाळ्यात चिरते, मग धावा दुकानाकडे.

आता, जुनं ते सोनं असंही मी म्हणत नाही बरं का. पेटी सुरात आणताना जीभ घासावी लागते. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि दर वेळी थोडं पितळ जातं. तेव्हा जिभांवर खोल ओरखडे दिसले तर ती पेटी फुकट मिळाली तरी घेऊ नका. वाळवी दिसली तरी नको. भाता भरा, एकही पट्टी न दाबता सोडा. तो लगेच खाली बसला तर हवा गळते आहे, पण हे दुरुस्त होतं, तेवढ्यावरून नाक मुरडू नका. पखवाजाचं तर आपण असंच करतो की! पान नवं चढवतो, खोड आजोबांच्या वेळचंच.

स्केलचेंजरचा मुद्दा मला मान्य आहे. कीर्तनकार बदलला की पट्टी बदलते, आणि वाजवणाऱ्या पोराला एकाच बोटांनी सगळीकडे साथ करता येते. मग तोही जुना घ्या ना! शहरात क्लास सोडलेल्या कितीतरी मुलांच्या पलंगाखाली अशा पेट्या धूळ खात पडल्या आहेत.

राहिला काकांचा आवडता मुद्दा. देवाच्या कामाला दुसऱ्याची वापरलेली वस्तू कशी चालेल? अहो काका, सप्ताहात सात दिवस अखंड जी विणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, ती कुणी नवी आणा म्हणतं का? तिला किती जणांचे हात लागले ते कुणी मोजतं का? उलट जुनी आहे म्हणून आपण तिच्या जास्तच पाया पडतो. मग पेटीनंच काय पाप केलंय?

असो. सप्ताहाला अजून अवकाश आहे. माळ्यावरची पेटी तेवढी खाली काढा आणि झाकण उघडून सगळ्यांसमोर जिभा बघा. ओरखडे निघाले, तर नव्या पेटीच्या वर्गणीत पहिले पैसे माझे.