कोऱ्या पानाचा माग

मंडळाची सभासद-सूची संगणकावर उघडली आणि पान कोरे आले, तर सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या असे मानण्याची घाई करू नये. विचारलेला प्रश्न डेटाबेसपर्यंत पोहोचला होता काय, हे आधी पाहावे.

‘अपाचे कोकून’ या प्रणालीत (कोकून म्हणजे रेशमाचा कोश!) 1998 साली प्रमाण ठरलेल्या एक्सएमएल भाषेतला मजकूर एकामागून एक टप्प्यांतून जातो. त्यातच एसक्यूएल प्रश्न गुंफलेला असतो. एक टप्पा तो डेटाबेसला विचारतो, पुढचा टप्पा आलेल्या ओळींना पानाचे रूप देतो. मात्र प्रश्नाच्या खुणेला जोडलेला ‘नेमस्पेस’, तिचे आडनावच म्हणा ना, एका अक्षराने जरी चुकला, तरी तो टप्पा तिला ओळखत नाही आणि तक्रार न करता तशीच पुढे सोडतो. अशी मुकी चूक फार छळते. ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह प्रश्नात उघडे लिहिले, तर एक्सएमएल ते नव्या खुणेचा आरंभ समजते आणि काम तेथेच अडते. ती चूक निदान ओरडते तरी!

पुढचे टप्पे तात्पुरते काढून पहिल्याचेच फलित वाचावे, मग एकेक टप्पा जोडत जावे. प्रश्नाच्या टप्प्यानंतरही तो मूळ रूपात दिसला, तर दोष बहुधा नेमस्पेसचा. ओळी आल्या आणि तरीही पान कोरे, तर रूपांतराचे नियम तपासावेत. तोच प्रश्न थेट डेटाबेसमध्ये चालवूनही ओळी आल्या नाहीत, तरच चिटणिसांकडे नोंदवही मागावी.