ऑफ-रोडिंग करा, पण माळावर नको

सोलापूरच्या माणसाला ऑफ-रोडिंगसाठी तिकीट काढायला सांगितलं की तो हसतो. पावसाळ्यात आमच्याकडे भाजी आणायला निघालं तरी तो अनुभव फुकट मिळतो. म्हणून माझ्या भाच्याने जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली, तिच्यात झोपायला फळ्या, पाण्याची टाकी, शेगडी बसवून कॅम्पर व्हॅन करायला घेतली, तेव्हा मीही हसलोच होतो.

काम मात्र त्याने नेटकं केलं. हात घरातलेच आहेत. माझे अब्बा जीपचे मिस्त्री. अर्धी हयात त्यांनी जीपखाली पडून काढली, पण जीपमध्ये बसून कुठे फिरायला गेल्याचं मला आठवत नाही. आपल्या समाजात अशी घरं कमी नाहीत. गॅरेज, वेल्डिंग, टायर-पंक्चर, डेंटिंग-पेंटिंग. गाडीखाली आपण आणि गाडीत दुसरं कोणी. गंमत म्हणजे ज्या कंपनीने या देशात जीप घरोघरी ओळखीची केली, तिचं १९४५ सालचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीची ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. अब्बांना हा किस्सा भारी आवडायचा. ‘एम तर दोन्हीकडे आहेच की,’ म्हणायचे.

तेव्हा तिसऱ्या पिढीतल्या पोराला गाडीत बसून मजा करावीशी वाटली, तर त्याला फिजूलखर्ची म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हणणारे म्हणतात. माझं भांडण खर्चाशी नाही, जागेशी आहे.

पहिली सफर त्याने जुलैत काढली. बार्शी रोडने, नान्नजच्या बाजूला. मी नको म्हटलं तर म्हणाला, “वां कुछ बी नै मामू, खाली माळ है.”

रात्री मुरमावरून गाडी काळ्या मातीत उतरली आणि बसली. काळी माती भिजली की चार चाकं फिरवा नाहीतर आठ, टायर चिखलाचे गोळे होऊन जागीच फिरतात. आधी एक मेंढपाळ बॅटरी घेऊन आला, मग वस्तीवरची माणसं. रात्रीची वेळ, बंद गाडी, आत चार दाढीवाली पोरं. आजच्या दिवसांत हे चित्र कसं दिसतं, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. फोन आल्यापासून माझी बहीण फजरपर्यंत मुसल्ल्यावरून उठली नाही. गावकऱ्यांनी नावं विचारली, गाडी आतून पाहिली, मग ट्रॅक्टर आणून ओढून काढली आणि चहाही पाजला. अल्लाहचे आणि त्या माणसांचे आभार. पण दरवेळी, दर गावात असंच होईल याची हमी मी कुणाच्या आईला देणार नाही. आणि त्या माणसांचा संशयही अगदीच बिनबुडाचा नव्हता. रात्री माळावर गाडी घालणारा शिकारीलाही आलेला असू शकतो.

दोन दिवसांनी भाच्याला घेऊन मी ती जागा पाहायला गेलो. गाडी रुतली होती तिथून मागे, चढावर दोन चर पडले होते, वीतभर खोल. मधल्या पावसाने त्यातून पाणी वाहून गवताची मुळं उघडी पडली होती. पुढच्या पावसात तीच घळ होते. ज्याला आपण ‘खाली’ म्हणतो त्या कुसळी गवतावर मेंढरं जगतात, काळवीट चरतात, लांडग्याची बिळं असतात, धाविक आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. माळढोकही जमिनीवरच घालतो, बहुधा एकच अंडं, घरट्याशिवाय, आणि तेही पावसाळ्यात. म्हणजे चिखलाच्या मोहाने पोरं गाड्या काढतात नेमक्या त्याच दिवसांत. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात या पक्ष्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं, १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. आम्ही हद्दीच्या बाहेर होतो, असं भाचा म्हणतो. असेल. माळढोकाला हद्दीचा दगड वाचता येत नाही.

रागावून बसण्यापेक्षा मी त्याला म्हटलं, चल, जिथे हे काम रीतसर चालतं तिथे जाऊ. लोणावळ्याच्या पुढे अशी पार्कं आहेत. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, वर प्रवेश फी, पण पैसे वसूल झाले. तिथल्या उस्तादाने आधी गाडी चालवूच दिली नाही. पाण्याची टाकी रिकामी करायला लावली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते वळणावर हिंदकळतं. गॅसची टाकी बंद करून खाली उतरवली, छतावरचं सामान काढलं. कॅम्परचा भार वरच्या बाजूला असतो, आडव्या उतारावर ती जीपपेक्षा आधी कलंडते. मग टायरमधली हवा कमी केली, म्हणजे टायर पसरून पकड घेतो. आणि मग म्हणाला, आता सगळा ट्रॅक पायी चालून या. भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पायी चालल्यावर मात्र त्याला दोन दगड असे दिसले, जे सीटवरून कधीच दिसले नसते. त्यानंतर फोर-लोमध्ये, मुंगीच्या चालीने, एक माणूस समोर उभा राहून हाताने चाक दाखवतोय, अशी गाडी चढली. अडकली तर ओढायला विंच होती आणि नाव विचारायला कुणी जमत नव्हतं. तिकीट खिशात होतं.

पण हे तिकीट, डिझेल आणि घाटापर्यंतचा प्रवास गॅरेजमध्ये रोजंदारी करणाऱ्या पोराला परवडणारा नाही, हेही खरं. तो बार्शी रोडलाच वळणार. म्हणून माझी मागणी आहे की अशी जागा सोलापुरात हवी. महामार्गांसाठी मुरूम आणि खडी काढून सोडून दिलेले खड्डे आपल्या आसपास कमी नाहीत. तिथलं गवत तर केव्हाच गेलंय. एखादी अशी खाण कुंपण घालून, वनखात्याला विचारून, ट्रॅक म्हणून द्या. शिकवायला आणि ओढून काढायला माणसं विजापूर वेशीपासून कुमठा नाक्यापर्यंत भरपूर सापडतील. अब्बांच्या हाताखाली शिकलेले दोघे तर अजून रोज गॅरेज उघडतात.

भाच्याने कागद लिहायला घेतलाय. कुणाच्या मालकीची अशी खाण असेल आणि बोलायची तयारी असेल, तर कळवा. गाडी सध्या बहिणीच्या अंगणात उभी आहे. टाकी रिकामी आहे, आणि बहीण चावी देत नाहीये.