गळकं छत आणि ‘सुस्थितीत’ची सही



गेल्या आठवड्यात घराच्या विम्यासाठी एजंट आला होता. मी त्याला माडीवर नेऊन कुजलेले वासे, सरकलेली कौलं आणि भिंतीवरचे ओघळ दाखवले. तो हसून म्हणाला, “काकू, हे कशाला लिहायचं? ‘घर सुस्थितीत’ एवढंच टाकू. हप्ता कमी बसेल, पुढचं पुढं बघू.” शेजारी बसलेल्या आमच्या जाऊबाई म्हणाल्या, “लिहू द्या की, सगळेच करतात.”

सगळेच करतात, म्हणूनच आज लिहायला बसले.

आपण स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्र वाचतो. त्याच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं. तो दोष आपण दुकानाच्या वहीपुरता समजतो. विम्याचा प्रस्तावही लेखच आहे की! आणि त्याच्याखाली सही आपली असते, एजंटची नाही.

“कंपन्या तरी कुठे धुतल्या तांदळाच्या आहेत?” हा जाऊबाईंचा पुढचा मुद्दा. विकताना काही विचारायचं नाही आणि दावा आला की बारीक अक्षर दाखवायचं, याचा मलाही राग येतो. पण दाव्याचा पैसा येतो कुठून? आपल्यासारख्याच हजारो घरांच्या हप्त्यांतून. खोटं लिहून तो घेतला, तर अचौर्यव्रत कुठे राहिलं?

धर्म क्षणभर बाजूला ठेवा, नुसता हिशेब करा. बी.कॉम.ला आम्हाला विम्याचं पहिलं तत्त्व शिकवलं होतं ते परम सद्भावाचं. महत्त्वाची गोष्ट लपवली तर कंपनी दावा नाकारू शकते. म्हणजे हप्ते भरायचे आणि गरजेच्या वेळी हात रिकामे. शिवाय घराचा विमा हा आग, वादळ, पूर, भूकंप अशा अचानक आलेल्या संकटांसाठी असतो. वर्षानुवर्षं कुजत आलेल्या वाशाचे पैसे कोणी देत नाही. छताचा खर्च आपलाच आहे, तो कुठल्याच पॉलिसीत ढकलता येत नाही.

मग परवडणारा विमा मिळवायचा कसा? आधी शाकारणी करा. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, गवंडी-सुताराच्या पावत्या जपून ठेवा. मग ‘भारत गृह रक्षा’ मागा. १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी आहे. मूळ मजकूर सगळीकडे सारखाच, हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा. म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. विमा जागेच्या बाजारभावाचा काढू नका, घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा काढा. समजा ८०० चौरस फूट चटई क्षेत्र आणि फुटाला १,८०० रुपये, तर १४,४०,००० झाले. जमीन पुरात वाहून जात नाही, तिचा हप्ता कशाला? घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं संरक्षण त्यातच मिळतं. आमच्या उदाहरणात ते २,८८,००० होईल. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंचं मात्र वेगळं विचारून घ्या.

काही जण म्हणतात, कर्मात असेल ते होईल, विमा कशाला? ते बाहेर जाताना घराला कुलूप लावतातच ना? २०१९ च्या महापुरात आपल्या सांगलीत पाणी घरात शिरताना कोणाची श्रद्धा किती, हे बघून शिरलं नाही. सावध राहणं म्हणजे अश्रद्धा नव्हे.

आणि छत गळू देण्यात हिंसा नाही का? भिंत ओली राहिली की शेवाळ येतं, बुरशी येते, लाकडाला वाळवी लागते. मग आपणच खरवडतो, औषध मारतो. शेवाळाला आपण अनंतकाय मानतो, जमिनीखालचे कंद म्हणून बटाटा वर्ज्य करतो, आणि भिंतीवर मात्र ते स्वतःच्या आळसानं वाढवतो! चातुर्मासाच्या आत कौलं चाळून घेणं हा यत्नाचारच आहे.

आमच्या घरात शिखरजीच्या यात्रेसाठी पैसे बाजूला ठेवले होते. ते मी सुताराला दिले. ह्यांना दोन दिवस ते पटलं नाही. जाऊबाई तर म्हणाल्या, “यात्रेचे पैसे कौलांना? पाप लागेल.” यात्रा पुढच्या वर्षी करू. पण खोट्या कागदावर सही करून पहाड चढायला माझे पाय उचलले नसते.

एजंटला काल फोन केला. म्हटलं, “काम झाल्यावर या. छत कधी दुरुस्त केलं, त्याची तारीख मी स्वतः लिहीन.” तो जरा थांबून म्हणाला, “काकू, पावती पण जोडू.”

तुमच्या घराचा जुना फॉर्म कपाटात असेल. आज काढून वाचा, कोणी काय लिहिलंय ते. चुकीचं असेल तर कंपनीला पत्र देऊन दुरुस्त करून घ्या.